पंगतीवर संग्रहालय चालवण्याची सोपी रीत

तुमच्या मंडळाचं एक छोटंसं संग्रहालय आहे. म्हणजे सभागृहामागची ती खोली, जिथे पूर्वी गणपतीचं मखर ठेवत. आता तिथे काचेचं एक कपाट, दोन टेबलं, एक रशियन समोवार आणि अकरा पाटे-वरवंटे आहेत. छत गळतं. छताला पैसे हवेत.

कार्यकारिणीच्या बैठकीत एक काका उभे राहतात. ते नुकतेच सहा महिने मुलाकडे अमेरिकेत राहून भिलाईला परतलेत. तिकडे मेन नावाच्या राज्यात, ते सांगतात, गावातल्या एवढ्याशा संग्रहालयात शनिवारी संध्याकाळी सगळं गाव जमतं, काकवीत शिजवलेला घेवडा पावाबरोबर खातं, डॉलर मोजतं, आणि त्या पैशांत छत होतं. "घेवड्यावर छत होतं, तर आपल्याकडे पुरणपोळी आहे!" टाळ्या पडतात. टाळ्या पडत असताना जो मोबाइल बघत होता, तो या उपक्रमाचा सचिव होतो.

अभिनंदन. ही मार्गदर्शिका तुमच्यासाठी आहे.

1. आधी एखादा राजा मिळतो का बघा.

हा सगळ्यात स्वस्त मार्ग. रायपूरचं महंत घासीदास स्मारक संग्रहालय 1875 साली निघालं, ते राजनांदगावच्या राजा घासीदासांच्या पैशांतून. 1953 मध्ये नवी इमारत झाली तेव्हाही त्याच घराण्याने हात सैल सोडला, आणि उद्घाटनाला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद आले. कुणाला कूपनं फाडावी लागली नाहीत. त्याच घराण्यातल्या राजाच्या नावाने राजनांदगावात दिग्विजय महाविद्यालय आहे. मराठी घरात वाढलेले आणि हिंदीत लिहिणारे गजानन माधव मुक्तिबोध 1958 पासून तिथे शिकवत होते, आणि त्याच आवारात आज त्यांचं स्मारक आहे. (धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत कविता लिहीत. आपल्या मंडळात या दोघांपैकी मोठा कोण, यावर एक संध्याकाळ जाते. तिथे तोंड उघडू नका.)

भिलाईत राजा नाही, कारखाना आहे. राजेंद्रप्रसाद इथेही आले होते, 4 फेब्रुवारी 1959 ला, पहिली झोतभट्टी सुरू करायला. पण ज्या कारखान्याने गाव वसवलं, क्वार्टर दिलं, दवाखाना दिला, मैत्रीबागेत पांढरा वाघ दाखवला, त्याच्याकडे आता मखराच्या खोलीचं छत मागायला लाज वाटते. ही लाज बैठकीत लगेच बोलून दाखवा. उशीर केलात तर अर्जाचा मसुदा तुमच्याच गळ्यात पडेल.

2. वस्तू नाकारायला शिका. (तुम्हाला जमणार नाही.)

पुण्याच्या केळकर संग्रहालयाचं उदाहरण देणारा एकजण प्रत्येक मंडळात असतो. त्याला शांतपणे ऐकून घ्या. दिनकर केळकर 1920 च्या सुमाराला वस्तू जमवू लागले. गावोगाव फिरले, पदरमोड केली, अडकित्ते हेरले, दिवे हेरले, आणि 1962 मध्ये हजारो वस्तूंचा संग्रह सरकारच्या हवाली केला. ते वस्तूंच्या मागे गेले. तुमच्याकडे वस्तू आपल्या पायांनी येतात, बहुधा ऑटोने.

त्याचं कारण असं. माणूस कारखान्यातून निवृत्त होतो. क्वार्टर खाली करायचं असतं. मुलगा पुण्यात, मुलगी बेंगळुरूत. चाळीस वर्षांचा संसार टेम्पोत भरताना असं लक्षात येतं की पाटा-वरवंटा अकराव्या मजल्यावर कुणाला नको आहे. सून तसं म्हणत नाही. "आई, लिफ्टला वजनाची मर्यादा आहे" एवढंच म्हणते. मग काकू दुपारी तीन वाजता तुमच्या दारात उभ्या राहतात. मागे ऑटोवाला पाटा उचलून धापा टाकत असतो.

"घ्या हो. सासूबाईंचा आहे. फेकवत नाही."

संपलं. तुमच्या संग्रहालयाचं खरेदी-धोरण या तीन वाक्यांत आहे. तुम्ही पाटा घेता, पावती लिहिता, आणि "आमच्याकडे दहा आहेत" हे वाक्य चहाबरोबर गिळता. काकू जाताना पाट्यावरून एकदा हात फिरवतात, टाकी लावलेल्या बाजूने. त्या वेळी दुसरीकडे बघायचं असतं.

भिलाईतच रिखी क्षत्रिय यांनी छत्तीसगडची लोकवाद्यं जमवली आहेत. वाद्यं निदान वाजतात. पाटा फक्त पायावर पडतो.

3. समिती नेमा, पण निवृत्त अभियंत्यांना पुरणाजवळ फिरकू देऊ नका.

ही माणसं मोठी आहेत यात शंका नाही. यांनी 260 मीटर लांबीचे रूळ देशभर पाठवलेत. त्यामुळे 260 पोळ्या म्हणजे त्यांना किरकोळ काम वाटतं. पहिल्याच बैठकीत प्लेट मिलमधून निवृत्त झालेले साहेब पोळीची जाडी ठरवतील. रेल मिलचे साहेब व्यास ठरवतील: 18 सेंटिमीटर, 5 मिलिमीटर इकडे-तिकडे चालेल. कोक ओव्हनमधले साहेब गॅसचा हिशेब करतील आणि तो चुकेल. तक्ता छापून येईल. त्यावर तीन रंगांच्या रेघा असतील.

तक्ता आदराने स्वयंपाकघरात द्या. पोळ्या लाटणाऱ्या वहिनी त्यावर पीठ चाळतील.

निवृत्तीला बारा वर्षं झाली तरी बैठकीत खुर्च्या ग्रेडनुसारच भरतात, हे ध्यानात ठेवा. तुम्ही सचिव असाल, पण शॉपमध्ये त्यांच्या हाताखाली होतात.

4. तारीख.

एकादशी, चतुर्थी, गुरुवार, मुलांच्या परीक्षा, नागपूरची लग्नं आणि क्रिकेटची मॅच वगळा. जी तारीख उरेल त्या दिवशी पाऊस पडेल.

5. कूपनाचा दर ठरवा.

आमच्याकडे दर 150 असावा की 200, यावर तीन बैठका झाल्या. तीन बैठकांचा चहा-नाश्ता 1,140 रुपये. दर 200 ठरला. आठ वर्षांखालच्या मुलांना अर्धं कूपन. या कलमाचा परिणाम आधी माहीत असलेला बरा: त्या संध्याकाळी दुर्ग, सुपेला, रिसाली, स्मृतीनगर इथली यच्चयावत मराठी मुलं आठ वर्षांखालची होतात. एकाला मिशी फुटली होती. त्याच्या वडिलांनी "अंगाने थोराड आहे" असं सांगितलं, आणि ते वडील माझे मेहुणे असल्यामुळे मी मान हलवली.

कूपनं विकायला प्रत्येक सभासदाला दहा-दहा द्या. परत येताना ती अशी येतील: सात विकलेली, दोन हरवलेली, एक "नंतर देतो". "नंतर देतो" म्हणणारा जेवायला सगळ्यात आधी येतो.

6. बेत "पारंपरिक" ठेवा आणि तो शब्द कुणाला समजावू नका.

इथे सांभाळून. भिलाईतली मराठी माणसं एका गावची नाहीत. नागपूरकडच्यांची परंपरा म्हणजे वडाभात, वर तेलाची फोडणी, कढी, आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. पुण्याकडच्यांची परंपरा म्हणजे मसालेभात, मठ्ठा आणि गूळ घातलेली आमटी, जी चाखून नागपूरकर विचारतात, "हे गोड पक्वान्न आधी का वाढलं?" कोकणातलं एकच घर आहे, ते सोलकढी मागतं आणि मिळाली नाही की सभात्याग करतं. तडजोड म्हणून सगळंच करा. खर्च वाढेल, पण तुमचं पुढच्या वर्षीचं मंडळात येणं-जाणं टिकेल.

सामानाची यादी एकाच माणसाने, एकाच बोलीत लिहावी. हे मी अनुभवाने सांगतो. आमची यादी एका वर्ध्याच्या काकूंनी लिहिली. सांबारवडी करायची होती, म्हणून त्यांनी लिहिलं: "सांबार, भरपूर." विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर, हे त्यांना सांगायचं कारण वाटलं नाही, कारण जगात दुसरं काही सांबार असतं हे त्या चाळीस वर्षं भिलाईत राहूनही मान्य करत नाहीत. यादी गेली आचाऱ्याच्या हातात. आचारी विजयनगरमचा. त्याने "भरपूर" हा शब्द गांभीर्याने घेतला. संध्याकाळी पाच वाजता एक मोठा गंज भरून सांबार, शेवग्याच्या शेंगांसकट, मंडपात हजर. कोथिंबीर एक काडी नाही.

सांबारवडी रद्द झाली. बॅनरवर ती छापलेली होती, तिच्यावर चिकटपट्टी लावली. आणि त्या रात्री ज्या एका पदार्थाला लोक दोन-दोनदा उठून मागायला आले, जो सगळ्यांत आधी संपला, तो कोणता होता हे इतिवृत्तात लिहायचं नाही, असा ठराव कार्यकारिणीने एकमताने मंजूर केला.

7. भांडी कमी पडतील. संग्रहालयाकडे बघू नका.

तुम्ही बघालच. आचारी म्हणेल, एक मोठं भांडं हवं. आणि समोर काचेआड पितळेचा तीस लिटरचा गंज असेल, त्याच्या गळ्यात चिठ्ठी: "हात लावू नये." चिठ्ठी काढून खिशात ठेवा.

मात्र एक गोष्ट विसरू नका. कल्हई नसलेल्या पितळेत आंबट काही ठेवलं की कळकतं. कढी नको, ताक नको, चिंचेचं सार नको, लिंबू पिळलेली कोशिंबीरही नको. पूर्वी वर्षातून एकदा कल्हईवाला दारात भाता मांडून बसायचा, नवसागराचा धूर निघायचा, आणि काळं भांडं चांदीसारखं होऊन आतून चमकायचं. आता कल्हईवाला शोधायला निघालात तर तोच संग्रहालयात ठेवावा लागेल. तेव्हा गंजात पाणी भरा, फार तर धुतलेले तांदूळ निथळायला टाका. मी हे सगळं आचाऱ्याला नीट समजावून सांगितलं. त्याने "हो साब" म्हणून त्यात कढी ओतली. वेळेवर एका आजींना वास आला. चाळीस माणसांची कढी नाल्यात गेली, आणि आजी पुढचे दोन तास सगळ्यांना विष ओळखण्याची रीत शिकवत होत्या.

8. बसायची व्यवस्था.

खाली पाट, समोर पळसाच्या पत्रावळी, भोवती रांगोळी. दृश्य देखणं दिसतं. फोटो काढून घ्या. मग लोक आत येतील, पाटांकडे बघतील, आणि गुडघ्याच्या ऑपरेशनचा विषय निघेल. डावा कुणी केला, उजवा कुणी केला, खर्च किती आला. अर्ध्या तासात मंडपवाल्याकडून टेबल-खुर्च्या मागवा. त्याने त्या टेम्पोत आणूनच ठेवलेल्या असतात, तो तुमच्यापेक्षा अनुभवी आहे. पाट उचलून संग्रहालयात परत ठेवा. चौदा नेले होते, तेरा येतील.

पत्रावळीवर डावी-उजवी सांभाळा. मीठ वर मध्यभागी, त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या. हे वाढप्या तरुणांना तीनदा सांगा. ते पहिल्या पत्रावळीपासून उलटं वाढतील, कारण ते टेबलाच्या पलीकडून वाढत असतात. दोष त्यांचा नाही, भूमितीचा आहे.

9. आग्रहाचं नियोजन.

पंगत म्हटली की आग्रह आला, आणि आग्रह आला की 200 रुपयांत 300 चं जेवण गेलं. इथे कला लागते. जिलबीच्या ताटाला तुमच्यातला सगळ्यात लांब टांगा टाकणारा माणूस द्या. त्याने खड्या आवाजात "घ्या, घ्या, एक तरी घ्याच!" म्हणत जावं, पण "घ्या" म्हणेपर्यंत दोन पत्रावळी पुढे गेलेलं असावं. पाहुण्याने "नको, नको" म्हटलं की पहिल्या "नको"लाच मान द्या. आपल्याकडे तीन नको म्हणजे एक हो असतो, हे त्या दिवसापुरतं विसरा.

साखरेचे रुग्ण जिलबी मागतील. त्यांना नाही म्हणू नका. त्यांच्या सौभाग्यवती समोरच्या रांगेत आहेत, ते काम त्या करतील.

10. लोकांना संग्रहालय दाखवायची युक्ती.

आपण हे सगळं संग्रहालयासाठी करतोय, हे साधारण मसालेभाताच्या वेळी तुम्हाला आठवेल. तोवर एकही माणूस त्या खोलीकडे फिरकलेला नसतो. त्यावर माझा उपाय: हात धुवायची व्यवस्था संग्रहालयाच्या पलीकडे ठेवा. हात धुवायचे तर अकरा पाटे ओलांडूनच जावं लागेल. जाता-येता वस्तू बघतील, चिठ्ठ्या वाचतील, चार पैसे पेटीत टाकतील.

लोक गेले. रांग लागली. रांग लांबली, आणि मध्ये लागलं एक सुरेख पितळी घंगाळ, चिठ्ठीसकट. कुणीतरी त्यात तांब्याने पाणी ओतून हात धुतले. मग सगळ्यांनीच धुतले. मी धावत गेलो तर एक आजोबा मला समजावू लागले, "अहो सचिव, घंगाळ आंघोळीच्या पाण्यासाठी असतं हे खरं, पण हात धुतले तरी चालतं." माहितीपर फेरी एवढीच झाली.

पेटीत 35 रुपये आणि एक "नंतर देतो" असं लिहिलेलं कूपन निघालं.

11. प्रमुख पाहुण्यांना जेवणानंतर बोलायला लावा. आधी लावलं तर भाषण लांबतं, नंतर लावलं तर ऐकायला कुणी नसतं. दुसरं बरं.

12. सेकंड शिफ्ट विसरा. सगळे विसरतात.

भिलाईत सात वाजता पंगत म्हणजे अर्ध्या गावाला जेवण. दोन ते दहाच्या शिफ्टची माणसं साडेदहाला येतात, बाइकच्या हँडलला हेल्मेट अडकवून. कूपनं त्यांनीही घेतलेली असतात, पूर्ण दराने, कारण त्यांची मुलं गावाकडे असतात. तोवर मंडपवाला खुर्च्या घेऊन गेलेला, फोटोवाला गेलेला, लाउडस्पीकर उतरवलेला. उरलेलं असतं वरण, भात, थोडी भाजी, लोणचं, आणि नऊ माणसांत सहा पुरणपोळ्या.

त्याच वेळी आठवतं की पोळ्या लाटणाऱ्या वहिनींनी आणि भांडी घासायला आलेल्या दोघी छत्तीसगढी बायांनी सकाळपासून चहाशिवाय काही घेतलेलं नाही. आता काय करायचं? पाट काढा. तेरा आहेत, पुरतात. सगळ्यांना एका रांगेत बसवा. पोळ्यांचे तुकडे करा. तूप मात्र हात आखडता न घेता वाढा, ते उरलंय. आग्रह करायला काही नसतं, म्हणून मीठ-लिंबाचा आग्रह होतो. त्या बायांपैकी एकीने पदराची गाठ सोडली आणि आपल्या घरून आणलेली ठेठरी-खुरमी मधे ठेवली. शिफ्टवाल्यांनी ती आधी संपवली.

या पंगतीला कुणी फोटो काढायला नव्हतं. अहवालात लिहायचं तर "तिसरी पंगत, उशिरा" एवढं लिहा.

13. हिशेब.

पूर्ण कूपनं 200, अर्धी 80. जमा 48,000. जेवले मात्र 340. वरचे साठ कुठून आले याचा शोध घेऊ नका, त्यात तुमचे नातेवाईक निघतील. किराणा, आचारी, मंडप, पत्रावळी, बॅनर (चिकटपट्टीसह), शाल-श्रीफळ, तीन बैठकांचा चहा धरून खर्च 47,590. छतासाठी शिल्लक 410. पेटीतले 35 वेगळे.

बैठकीत हा आकडा सांगताना "निव्वळ नफा" हा शब्द वापरा. टाळ्या पडतात. अमेरिकेवाले काका पुढच्या वर्षी हुरडा पार्टी सुचवतील. त्या वेळी मोबाइलकडे बघू नका.

14. शेवटचं काम भांड्यांचं. हे कुणावर सोपवू नका.

रात्री साडेअकराला नळाखाली बसा. कढीचा गंज आधी घ्या, तोच सगळ्यात हट्टी. चिंच आणि मीठ लावून घासा. वर्षानुवर्षांचा काळपट थर निघाला की काठाच्या खाली अक्षरं उमटतील, ठोक्या-ठोक्यांनी कोरलेली: एका बाईचं नाव, "हिस सप्रेम भेट", आणि साल 1961. तुमच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असेल, "दाता अज्ञात, काळ अंदाजे 1980."

चिठ्ठी खिशातच आहे. ती फाडा. सकाळी नवी लिहा, आणि 410 रुपयांतून दोन पाकिटं पितांबरी आणा. अजून बारा भांडी घासायची आहेत.